लाइन मोकळी आहे

अपघातात सापडलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल पाठवणं हा त्याचा बावीस वर्षांचा व्यवसाय होता, आणि त्यामुळे गॅरेजवाल्यांपासून वकिलांपर्यंत सगळे त्याला नुसतं सर्व्हेअर म्हणूनच ओळखत. माणूस नाकासमोर चालणारा. त्यानं कधी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. चेपलेल्या गाडीपाशी वाकून तो पोच्यावरून अंगठा फिरवायचा आणि समोरचा कितीही गळ्याशपथ सांगत असला तरी धडक कुठल्या बाजूनं आली, किती उंचीवर बसली, मारणाऱ्यानं शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला होता की नाही, हे बिनचूक सांगायचा. स्टिअरिंगला चिकटलेली केसांची बट, डॅशबोर्डमध्ये रुतलेला दात, मागच्या सीटखाली राहिलेला एकच छोटा बूट, या सगळ्यांचे तो शांतपणे फोटो काढायचा, वहीत टिपून घ्यायचा आणि गॅरेजमधला चहा पिऊन घरी यायचा. "साहेब, तुम्हाला झोप कशी लागते हो?" असं एकदा पत्रा ठोकणाऱ्या एका डेंटरनं विचारलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "अरे, पोचा खोटं बोलत नाही. त्याच्याशी माझं चांगलं जमतं."

दुपारी चारला तो पुढच्या खोलीत कंप्युटरसमोर बसे. फोनची तार मोडेममध्ये खोचलेली असे आणि त्याच लाइनीवरचा दुसरा फोन स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेला होता. मोडेम आधी नंबर फिरवी, मग अर्धा मिनिट किंचाळे, खरखरे, पत्रा पत्र्यावर घासत जावा तसा आवाज काढी, आणि एकदाचं जोडलं गेलं की गप्प होई. मग एकेक फोटो पाच-सहा मिनिटं घेत, वरून खाली इंचाइंचानं सरकत जाई. तेवढ्या वेळात घरचा फोन जगाला बंद, आणि कुणी स्वयंपाकघरातला रिसीव्हर उचलला की कनेक्शन तुटून अर्धा गेलेला फोटो पाण्यात.

आणि त्याची बायको रिसीव्हर उचलायची. रोज नाही, पण महिन्यातून दोनदा-तीनदा, अलीकडे तर आठवड्यातून एकदा. "चुकून उचलला," असं म्हणायची. "अगं, आठ वर्षं चुकूनच?" स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभा राहून तो विचारायचा, वैतागानं त्याचा श्वास फुललेला असायचा, तळहात चुरचुरत असायचा, आणि ती रिसीव्हर दोन्ही हातांनी छातीशी धरून भिंतीला टेकलेली असायची. मग त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. "बरं, राहू दे," म्हणून तो परत पुढच्या खोलीत जायचा आणि पुन्हा नंबर फिरवायला लावायचा.

एका सोमवारी सकाळी दूध काढायला फ्रिज उघडताना त्याचा अंगठा सवयीनं दारावर थांबला. पांढऱ्या पत्र्यावर एक उथळ पोचा होता. त्याच्या उजव्या अंगाला, थोडा खाली, दुसरा होता. हा जास्त खोल आणि गोल होता.

"हे कशानं झालं?"

"पातेलं आपटलं," गॅसकडेच तोंड ठेवून बायको म्हणाली.

"पातेल्याला कड असते. कडेचा पोचा धारदार येतो. हा मऊ आहे." त्यानं डावा तळहात पहिल्या पोच्यावर ठेवून पाहिला. तो त्यात नीट बसला. "हा हाताचा आहे. माणूस साधारण माझ्या उंचीचा, आणि डावखुरा." तो स्वतःही डावखुरा होता, त्यामुळे असल्या गोष्टी त्याला इतरांपेक्षा लवकर कळत. मग त्यानं खालच्या पोच्याची उंची नजरेनं मोजली आणि बायकोच्या डोक्याकडे पाहिलं. "इकडे ये. मागे वळ."

ती वळली. तिच्या अंबाड्याखालचे केस त्यानं बाजूला केले तेव्हा तिथे लिंबाएवढं टेंगूळ होतं, त्यावर रक्त सुकून काळं झालेलं. कानामागे चार बोटांचे पिवळे पडलेले वळ होते. मनगटावरचे जुने होते, दंडावरचे त्याहून जुने. बावीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची मोडतोड डोळ्यांत तेल घालून पाहिली होती, आणि स्वतःच्या घरातली एवढी मोठी नोंद त्याच्या नजरेतून सुटली होती. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याचं बायकोवर फार प्रेम होतं. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

"कोण येतं गं घरात? मी पुढे कामात असतो, तेव्हा मागच्या दारानं कोण येतं?"

"कुणी नाही येत."

"मग हे भुतानं केलं?"

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला खरंच नाही माहीत?"

"मला कसं माहीत असणार?"

ती खाली वाकली आणि पदरानं त्याचे डोळे पुसले. "नसू दे," एवढंच म्हणाली, आणि चहा उतू जातोय म्हणून उठली.

त्या दिवशी गॅरेजमध्ये त्याचं चित्त लागेना. दुपारपर्यंत त्यानं सगळं जुळवून काढलं, आणि जुळवल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटली. चुकून कुठलं आलंय! तो कोण नराधम घरात शिरायचा तेव्हा ती बिचारी मदतीसाठी फोनकडे धावत होती, आणि रिसीव्हर कानाला लावल्यावर तिला ऐकू येत होती ती मोडेमची खरखर. आठ वर्षं आपणच तिची वाट अडवून बसलो होतो. घरी फोन चोवीस तास मोकळा असायला हवा आणि कंपनीला फोटोही जायला हवेत. म्हणजे ब्रॉडबँडला पर्याय नव्हता. बायकोच्या जिवाचा प्रश्न होता.

बुधवारी ब्रॉडबँड कंपनीची विक्रेती आली. चुणचुणीत बाई, टेबलावर तिनं रंगीत तक्ता पसरला आणि पेन्सिलीनं समजावत गेली. पहिला प्लॅन महिन्याला तीस तासांचा, दुसरा ठरावीक वेळांचा, तिसरा दिवसरात्र चालू, कितीही वापरा.

"या डायल-अपपायी घराघरांत भांडणं होतात हो सर," ती हसत म्हणाली. "एकानं फोन उचलला की दुसऱ्याचं तुटतं. आमचं कनेक्शन घेतलं की भांडणच मिटलं."

पाण्याचे ग्लास घेऊन आलेली बायको असल्या बोलण्यात कधी पडत नसे. आज ती खुर्ची ओढून बसली.

"मधेच फोन उचलला तर काय होतं?"

"काही नाही होत, ताई. तीच तर गंमत आहे. शंभर वेळा उचला, काही तुटत नाही."

"मग ते थांबवायचं कसं?"

"थांबवायचं कशाला?" विक्रेती त्याच्याकडे बघून मिस्कील हसली. "थांबू नये म्हणून तर घेतात सगळे."

बायकोनं तक्त्यावर बोट ठेवलं. बोटाचं नख मुळापासून काळंनिळं झालं होतं आणि विक्रेतीनं ते पाहून नजर दुसरीकडे वळवली. "हा घ्या. तीस तासांचा," बायको म्हणाली. "नाहीतर घेऊच नका. आहे तेच राहू द्या."

"अगं, हे मी तुझ्यासाठी घेतोय."

"माझ्यासाठी घेताय ना? मग माझ्यासाठी नका घेऊ." तिनं तक्ता विक्रेतीकडे ढकलला. "तुटतं तेच बरं आहे हो."

घाबरलेल्या माणसाला स्वतःचं भलं कळत नाही, असं त्याला वाटलं. मार खाऊन खाऊन ती त्या नराधमाच्या बाजूनं बोलायला लागली होती. त्यानं तिसऱ्या प्लॅनच्या कागदावर डाव्या हातानं झोकदार सही केली.

लाइनमन शनिवारी येणार होता. मधल्या शुक्रवारी सर्व्हेअरनं सापळा लावला. मागच्या दाराला आतून साखळी घातली, उंबऱ्यावर पावडरीचा पातळ थर चाळला, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, आणि चारला नेहमीसारखा कंप्युटरसमोर बसला. मोडेम किंचाळला आणि गप्प झाला. एका ट्रकखाली गेलेल्या मोटारीचा फोटो वरून खाली सरकू लागला, आधी टप, मग फुटलेली काच, मग काचेमागचं.

तो स्वयंपाकघरात उभा होता. कपबशांचा चुरा सगळीकडे पसरला होता. बायको ओट्याखाली कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, ओठ फाटून रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं होतं, आणि तिनं ओढून घेतलेल्या रिसीव्हरची दोरी ताणून सरळ झाली होती.

"कुठे गेला?" तो ओरडला आणि मागच्या दाराकडे धावला. साखळी जशीच्या तशी होती. उंबऱ्यावरच्या पावडरीवर मुंगीचासुद्धा पाय उमटला नव्हता.

त्यानं वाकून तो थर निरखून पाहिला. मग त्याच्या मनात आलं की लाइन तुटल्याची पाटी पडद्यावर उमटते, आणि पडदा पुढच्या खोलीत आहे. ती पाटी बघून आपण उठलो, असं त्याला एकदाही आठवत नव्हतं. लाइन तुटायची तेव्हा तो आधीच इथे असायचा. मग आपण उठलो कशासाठी? त्याच्या डाव्या मुठीत काहीतरी टोचत होतं. त्यानं मूठ उघडली. आत लांब केसांचा पुंजका होता, मुळांसकट. हिला सावरताना आला असेल, असं म्हणून त्यानं तो हळूच केराच्या डब्यात टाकला, बायकोच्या ओठाला बर्फ लावला आणि पुन्हा पुन्हा तिला सांगत राहिला, "उद्यापासून नाही. उद्यापासून तुझी लाइन मोकळी."

शनिवारी सकाळी लाइनमन आला. बोलका, अर्धवट टक्कल पडलेला गृहस्थ. त्यानं तारेला एक पांढरी डबी जोडली आणि तिच्यातून दोन वाटा काढल्या, एक फोनला, एक नव्या मोडेमला. नवा मोडेम अजिबात किंचाळला नाही. त्याच्यावरचा हिरवा दिवा काही वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला.

"हा स्थिर असला की जोडलेलं आहे असं समजायचं," लाइनमन म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यानं रिसीव्हर उचलून दाखवला. दिवा ढळला नाही. बायको दारात उभी राहून ते पाहत होती. तिनं हळूच विचारलं, "दादा, हे बंद करायचं झालं तर कुठली तार काढायची?"

लाइनमननं तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, मग सर्व्हेअरकडे पाहिलं. "ही मागची," तो पुटपुटला आणि हत्यारं आवरू लागला. एरवी बोलघेवडा माणूस, पण निघताना त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

तार काढता येते म्हणजे तो शिरणारा माणूसही ती काढणार, हे सर्व्हेअरच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं मोडेम, पांढरी डबी आणि सगळ्या तारा काचेच्या दाराच्या लोखंडी कपाटात नेऊन बसवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत ओवली. काचेतून हिरवा दिवा स्वच्छ दिसत होता. कित्येक दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. जेवताना त्यानं दोन-तीन विनोदही केले. बायको मान खाली घालून घास चिवडत होती.

चार वाजले. तो खुर्चीत बसला. नंबर फिरवायचा नव्हता, किंचाळणं ऐकायचं नव्हतं, जोडायचं असं काही उरलंच नव्हतं. पहिला फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. फुटलेल्या काचा, दुमडलेले दरवाजे, रक्तानं भिजलेल्या सीटा एकामागून एक धाड धाड निघून गेल्या आणि त्याच्या अंगात कुठेतरी काहीतरी सैल झालं.

तो स्वयंपाकघरात उभा होता. फ्रिजवर तिसरा पोचा होता, आधीच्या दोन्हींपेक्षा खोल, आणि त्यावरून काहीतरी ओघळत होतं. बायको ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता. रिसीव्हर तिच्या कानाला नव्हता, तो तिच्या मांडीवर पडला होता आणि त्यातून लाइन मोकळी असल्याचा एकसुरी आवाज येत होता. हात वर करून ती भिंतीवरच्या फोनची लाइन तोडणारी कळ दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती, आणि दर वेळी उरलेल्या एका डोळ्यानं त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, काही बदललं का ते.

ती नंबर का फिरवत नाही, हे त्याला कळेना. त्याचा जीव तिच्यासाठी तीळ तीळ तुटत होता.

"अगं, लाव ना कुणाला तरी," तो अगदी मायेनं म्हणाला. "लाइन मोकळी आहे."

ती कळ दाबतच राहिली. आपला डावा हात वर जाताना त्याला दिसला. या वेळी तो सगळं बघत होता. पुढच्या खोलीत काचेच्या दारामागे हिरवा दिवा स्थिर होता.