आदल्या दिवशीचा चहा

पेन्सिलीवर सोनेरी अक्षरांत नानांचं नाव होतं, आणि टोक काढता काढता त्यातला पहिला 'ना' गेला होता — उरलं होतं नुसतंच 'नासाहेब स्मृती शिष्यवृत्ती'... दीपमालाला हसू आलं. नाना असते तर म्हणाले असते, साध्या पेन्सिली लिहीत नव्हत्या का?

नाना, तिचे वडील, या शहराचे एकेकाळचे आयुक्त. बाहेर सगळे नानासाहेब म्हणायचे. ते गेले, आणि पुढे नगरप्रशासनात जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या नावानं ही शिष्यवृत्ती निघाली, तेव्हापासून लोक तिला विचारायचे, साहेब घरी कसे होते हो? शिस्तीचे, साधे, वेळेवर जेवणारे — ती घडाघडा सांगायची. खरं तर तिला ते कधी कळलेच नव्हते, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती आयुष्यभर धडपडली होती.

आज पहिली निवड. जागा एकच. शेजारी सुदर्शनराव, नानांच्या हाताखाली राबलेले. समोर मुलाखतीला शहराच्या कडेच्या पडेगावची विशाखा.

"साहेबांना ओळखत होतीस?" सुदर्शनरावांनी सकाळपासून हे प्रत्येकाला विचारलं होतं, आणि प्रत्येकानं आदर्श, प्रेरणा वगैरे ऐकवलं होतं.

"व्हय... हो, सर. आमचं दुकान त्यांनीच पाडलं."

सुदर्शनरावांचा चेहरा पडला. दीपमालाचे कान मात्र टवकारले.

"रस्ता रुंद करायचा होता. आदल्या दिवशी साहेब स्वतः आले. उद्या पाडणार, म्हणाले. आमची आजी, कडूबाई, बसा म्हणली. चहा ठेवला. प्यायले. अन् दुसऱ्या दिवशी पाडलं."

चहा प्यायले? नाना? ज्याच्यावर कारवाई करायची त्याच्या दारात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मामाच्या बांधकामाला नोटीस गेली त्या वर्षी राखीपौर्णिमेला आई एकटीच माहेरी गेली. नाना तिला सोडायलासुद्धा गेले नाहीत. मग पडेगावात काय झालं? म्हातारीचा शब्द मोडवला नाही? की इतकंच — उन्हातून आले होते, तहान लागली होती... नानांना तहान लागत असेल, हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं. आणि तिला एकदम त्यांची भयंकर आठवण आली.

"राग नाही आला तुला?"

"लई आला. अजून हाय." विशाखा थांबली, शब्द सावरले. "म्हणून तर अर्ज केला, मॅडम. रस्ता पाहिजेच होता, मी त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते. पण चहा पिऊन माणूस दुसऱ्या दिवशी असं कसं करतो? त्या खुर्चीत बसून बघायचंय, मला जमतं का."

"आणि नाही जमलं तर?"

"जमलं तर काय, याचीच भीती वाटते."

सुदर्शनराव खाकरले. साहेबांच्या नावाची शिष्यवृत्ती आणि ती साहेबांवरच दात धरून बसलेल्या पोरीला? ताई, हिला नको — बोलले नाहीत, पण त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं. शेवटचा शब्द दीपमालाचा होता, तिनं गुणांचा विचार करायला हवा होता, आणि ती विचार करत होती की चहा कोरा होता का दुधाचा, नाना टेकले होते का उभ्याउभ्याच प्यायले, बशीत ओतला का, कप खाली ठेवताना म्हातारीकडे बघितलं का —

"आजी आहेत?"

"हायेत."

"मी येऊ भेटायला? चहाला?"

विशाखा हसली नाही. "निवडीच्या आधी येणार, का नंतर?"

दीपमाला मनात हिशेब करू लागली... आधी गेले आणि मग नाव दुसऱ्याचंच लावलं, तर? नंतर गेले तर ते काय भेटणं, तो नुसता मानपान... सुदर्शनराव पुढच्या उमेदवाराला आत बोलवा म्हणत होते. आणि ती, कधीही न गेलेली ती, पडेगावच्या त्या दारात उभी होती, आतून म्हातारी बसा, बसा म्हणत होती, आणि बसावं की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना.