युहानचे जेट

निल्लासची शर्यतीची स्नोमोबिल ईस्टरच्या त्या दिवसापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. ती तशीच पडून राहिली असती, तर त्याच्या बायकोला, रिस्तेनला, जन्मभर नवऱ्याचंच खरं वाटत राहिलं असतं. पण ऐन एप्रिलात, रेनडिअरचा कळप किनाऱ्याकडे हलवायच्या तोंडावर, कामाच्या गाडीच्या इंजिनाने राम म्हटला. सुटे भाग येणार दक्षिणेतून, आणि ते येईपर्यंत गाभण माद्या काही थांबणार नव्हत्या. निल्लासने आधी मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग ताडपत्री ओढली.

ती गाडी म्हणजे निल्लासचा जुना नाद. मूळ गाडीचं त्यात फक्त नाव उरलं होतं. सिलिंडर मोठे केलेले, सायलेन्सर दुसराच, कार्बुरेटरची जोडी तिसऱ्याच गाडीची, पेट्रोलची टाकीसुद्धा भंगारातून आणून बसवलेली. सीटवर रिस्तेनने शिवलेलं रेनडिअरच्या कातड्याचं आवरण. हा सगळा संसार जुळवून आणला होता रिस्तेनच्या धाकट्या भावाने, युहानने. युहानला इंजिनाचा कान होता. गाडी चालू करून तो बाजूला उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘‘उजवीकडच्याला पेट्रोल कमी पडतंय.’’ उघडून बघावं तर तसंच असायचं.

युहानला दारूचंही व्यसन होतं. मात्र त्या हिवाळ्यात त्याने ती सोडली होती, आणि हिवाळाभर थेंबालाही शिवला नव्हता. निदान तो तसं सांगत होता.

मग ती शर्यत झाली. इंजिन गरम करायला चार चकरा मारून गाड्या रेषेवर आल्या, झेंडा पडला, सगळ्यांनी अंगठ्याने थ्रॉटल दाबला, सगळ्या गाड्या उसळल्या, आणि निल्लासची गाडी नुसती गुदमरली. ठसका लागल्यासारखी जागच्या जागी अडली आणि सगळे पुढे गेल्यावर कुठे हलली. निल्लास सगळ्यात शेवटी आला, त्याने हेल्मेट काढून बर्फात आपटलं आणि तो अख्ख्या कौतोकेइनो गावासमोर युहानवर ओरडला, ‘‘काय ढोसून कार्बुरेटरचे जेट बसवलेस रे? या रे सगळे, वास घ्या याच्या तोंडाचा!’’

लोक हसले. युहानने बहिणीकडे बघितलं. रिस्तेनने आपल्या बुटांकडे बघितलं आणि चकार शब्द काढला नाही. भावाला झिंगलेला बघण्याची तिला इतकी सवय झाली होती, की शुद्धीत असलेला युहान तिच्या डोळ्यांना दिसलाच नाही. ईस्टर संपायच्या आत तो किनाऱ्यावरच्या हामरफेस्टला निघून गेला, मासळीच्या कारखान्यात लागला. त्याला आता चार वर्षं झाली. आईच्या वाढदिवसाला फोन यायचा, तोही आईला.

‘‘आता बघ,’’ निल्लास पान्हे मांडत म्हणाला. ‘‘तुझ्या भावाने काय घोळ घालून ठेवलाय ते आज बाहेर येतंय.’’

रिस्तेनने दिवा जवळ आणून ठेवला. तिलाही मनातून वाटत होतं, की घोळ सापडावा. युहानचं काहीतरी चुकलेलं सापडलं, तर त्या दिवशी आपण मान खाली घातली ती बरोबर ठरेल. स्वतःच्या सख्ख्या भावाबद्दल असं वाटावं याची तिला लाज वाटली, तरी वाटायचं ते वाटतच राहिलं.

गाडी शेडमध्ये दोरीच्या पहिल्या हिसक्याला चालू झाली. अंगठा दाबला की कुत्र्यासारखी भुंकायची, कुठे अडखळण्याचं नाव नाही. निल्लास खूश होऊन तिला गोठलेल्या नदीवर घेऊन गेला. थोडा वेळ झकास पळाली, आणि मग तेच. संथ चालवली तर चालायची, एकदम थ्रॉटल दिला की पिकअपच घ्यायची नाही. प्लग काढून बघितला तर पांढराफटक. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं.

‘‘जेट!’’ निल्लास म्हणाला. ‘‘मी सांगत होतो ना?’’

त्याने कार्बुरेटर उघडले. ज्यांतून पेट्रोल मोजून जातं ते दोन्ही पितळी जेट काढून कॉफीच्या कपात टाकले आणि मोठ्या भोकाचे नवे बसवले. शेजारचा म्हातारा पिएरा तोवर स्टोव्हजवळची खुर्ची अडवून बसला होता. दुसऱ्याच्या शेडमधली कॉफी त्याला नेहमी जास्त गोड लागायची. त्याने कपातला एक जेट उचलून उजेडात धरला.

‘‘यात काय खोट आहे रे? एवढ्या थंडीला मीही हेच घातले असते.’’

‘‘तू गप बस, आजोबा.’’

‘‘मी कुठे बोलतोय? गेल्या खेपेला माणसाच्या तोंडाचा वास घेतलास, आता कार्बुरेटरच्या तोंडाचा घे. काहीतरी पिऊन आला असेल.’’

निल्लासचे कान लाल झाले. नव्या जेटवर गाडी नदीवर गेली आणि पुन्हा तिथेच अडखळली. मग त्याने कार्बुरेटरच्या सुया वर केल्या, पेट्रोलचा पंप बदलला, रबरी नळ्या बदलल्या. प्रत्येक वेळी गाडी शेडमध्ये गुणी बाळ आणि नदीवर पोचली की हट्टी. युहानच्या हातचा एकेक भाग बाहेर येऊन त्या कपात आणि कपाशेजारी जमत गेला. रिस्तेन ते मोजत होती. युहानचं सगळं टेबलावर होतं, आणि गाडी अजून तशीच होती.

‘‘निल्लास,’’ ती म्हणाली, ‘‘त्याचं आता गाडीत राहिलंय काय?’’

‘‘बेवड्याने आत खोल काहीतरी करून ठेवलं असेल.’’ पण या वेळी आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निल्लास नदीच्या वळणावर अडकला. गाडी आता संथसुद्धा चालेना. रिस्तेन पेट्रोलचा कॅन घेऊन पायीच गेली. टाकीत पेट्रोल होतं, तरी तिने भर घालायला म्हणून झाकण फिरवलं, आणि टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. निवलेली मुरंब्याची बरणी उघडताना होतो तसला आवाज, पण बराच लांबलेला.

‘‘झाकण सैल ठेव आणि चालव,’’ रिस्तेन म्हणाली.

निल्लासने अंगठा दाबला. गाडी जी सुटली ती थेट पलीकडच्या काठाला जाऊन वळली. कुठे ठसका नाही की अडखळणं नाही. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल धरून ठेवते. हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या हवेसाठी टाकीला एक बारीक नळी असते. प्रश्न एवढाच होता, की ती नळी गेली कुठे.

रिस्तेनने हातमोजा काढला आणि ती नळीवरून बोटं फिरवत गेली. भंगारातल्या टाकीची नळी युहानने सीटच्या खाली नेली होती, तोंडात बर्फ जाऊ नये म्हणून. काम चोख होतं. नळीचं टोक सीटच्या पुढच्या कडेला उघडत होतं, आणि त्या कडेवरून गेली होती रिस्तेनची शिवण.

तिने ते आवरण वडिलांच्या लाडक्या बैलाच्या, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या रेनडिअरच्या कातड्याचं शिवलं होतं. नवऱ्याला शकुन म्हणून, कुणालाही न सांगता. युहानचं सगळं काम उरकल्यावर, शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने ते सीटवर चढवलं आणि कुठे सुरकुती राहू नये म्हणून वादी दातात धरून आवळली होती. त्या वादीखाली नळी चपटी झाली होती. उरलेल्या भोकात केस जाऊन बसले होते. शेडमध्ये गाडी थोडा वेळच चालायची, आणि निल्लास कार्बुरेटरला हात घालण्याआधी दर वेळी टाकीचं झाकण उघडायचा, म्हणून तिथे काही कळत नव्हतं.

तिने सुरीने वादी कापली.

‘‘तू कशाला...’’ निल्लास म्हणाला आणि थांबला. मग बर्फातच खाली बसला. ‘‘म्हणजे तो प्यायलेला नव्हता.’’

‘‘नव्हता.’’

‘‘मला काय माहीत? तूसुद्धा काही बोलली नाहीस!’’

‘‘नाही बोलले,’’ रिस्तेन म्हणाली. नवऱ्यावर तिला भयंकर राग आला होता, पण त्याच्यावर खापर फोडायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. तो निदान ओरडून मोकळा झाला होता. तिने तर भावाला गप्प राहून बुडवलं होतं.

फोन तू कर, नाही तू कर, असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने केला. तिथेच, नदीवर उभी राहून. खूप वेळ घंटा वाजली.

‘‘कोण, ताई?’’ युहानची जीभ जड होती. भर दुपारी तो प्यायलेला होता, हे तिला त्यावरूनच कळलं. ‘‘आईला काय झालं?’’

‘‘आई बरी आहे. युहान, गाडी सापडली. म्हणजे बिघाड सापडला. टाकीला हवाच मिळत नव्हती रे. माझ्या शिवणीने नळी दाबली होती. तुझं काहीही चुकलं नव्हतं.’’

तो हसला. ‘‘अगं, मला माहीत आहे.’’

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘नळीचं नव्हतं माहीत. पण इंजिन उपाशी आहे, ते मी तिथेच ऐकलं. दाजींना सांगायला धावत आलो होतो, की झाकण ढिलं करा, अजून एक फेरी बाकी आहे तुमची. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी उघडलं.’’

‘‘मग नंतर का नाही सांगितलंस?’’

‘‘कुणाला सांगू? मी तुझ्याकडे बघितलं होतं, ताई.’’

रिस्तेनला रडू आवरेना. निल्लास दोन पावलांवर उभा राहून सगळं ऐकत होता आणि हातातली टोपी पिळत होता.

‘‘त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो,’’ युहान म्हणाला. ‘‘संध्याकाळी प्यायलो. मग काय, चालूच आहे.’’

‘‘घरी ये,’’ ती म्हणाली. ‘‘मी चौकात उभी राहून सगळ्यांना सांगते. निल्लासही सांगेल. आणि गाडी पुन्हा तूच जुळव. या बाबाने तुझं सगळं काढून नुसता पसारा करून ठेवलाय. तुझ्याशिवाय कुणाला जमणार आहे ते?’’

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला.

‘‘येईन एखादे वेळी, आईला भेटायला,’’ तो म्हणाला. ‘‘पण गाडीचं दाजींनाच बघू दे. माझे हात आता थरथरतात, ताई. कार्बुरेटरची सुईसुद्धा धरता येत नाही.’’