रिकामी समजलेली रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. तुमच्या हातातल्या खेळण्यातल्या बंदुका जरा खाली ठेवा आणि मग ऐका, कारण माझी गोष्ट काही शौर्याची नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पोलादाची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि चापाभोवती कडीसारखा एक लिव्हर. हा लिव्हर खाली ढकलून वर घेतला की जुनं काडतूस बाहेर उडतं, नवं आत बसतं आणि काडतुसावर आपटणारा घोडा मागे ताणला जातो. त्या वेळी जो ‘खळ्-खट्’ आवाज होतो, त्यावर माणसं आजवर जीव टाकत आली आहेत. जंगलाकाठच्या एका म्हाताऱ्याने माझ्या जोरावर कित्येक हिवाळे काढले. मी मारलेल्या हरणांचे डोळे मला अजून आठवतात. ते वर्णन तुमच्यासाठी नाही.

म्हातारा गेला. त्याच्या मुलांनी मला विकलं आणि हात बदलत बदलत मी दुबईला आले. रास अल खोरच्या गोदामांपलीकडे एक नेमबाजीचा क्लब आहे, तिथे माझी वर्णी लागली. माझ्याहून वेगवान आणि अचूक रायफली तिथे रांगेने उभ्या होत्या. माझ्याच जातीची एक नवी पोरही होती: काळ्या प्लास्टिकचा दस्ता, वर दुर्बीण, पुढे विजेरी. तरी गिऱ्हाईक यायचं आणि बोट माझ्याकडेच दाखवायचं. कागदावरची वर्तुळं फोडायची, लिव्हर चालवतानाचा व्हिडिओ काढून घ्यायचा आणि खुशीत घरी जायचं. मला शिंगं फुटायचीच काय ती बाकी होती.

माझी देखभाल हेमचंद्रकडे होती. बरीच वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढून तो इकडे आला होता. शारजात रोल्ला चौकाच्या मागे बायकोसह त्याचं बिऱ्हाड होतं. त्याच्या हाताखाली दापोलीकडचा वली होता. दोघं एका डब्यात जेवत. हेमचंद्रच्या घरची बटाट्याची भाजी वली खाई आणि वलीच्या खोलीवरचं कालवण हेमचंद्र चाटूनपुसून संपवी. असा जिव्हाळा मी फार कमी पाहिला आहे.

खडकीला खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे, आणि ती सवय हेमचंद्रच्या हाडीमाशी खिळली होती. इथे तसं चालेल का, हे त्याने मॅनेजरला कधी विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर, ही धास्ती. म्हणून दरवर्षी तो वर्कशॉपचं दार लोटून पूजा उरकायचा आणि वली बाहेर उभा राहून कोणी येत नाही ना, ते बघायचा.

त्या खंडेनवमीला त्याने मला टेबलावर आडवं ठेवलं. क्लबच्या नियमाप्रमाणे माझा लिव्हर उघडा होता. हळदकुंकू वाहून त्याने अक्षता टाकल्या. त्याच्या बायकोने, शोभनाने, कुंकवात भिजवून दिलेले ते ओलसर दाणे होते. एक दाणा माझ्या उघड्या पोटात पडला.

“पूजेचं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नसतं,” तो वलीला म्हणाला. “परवा मी स्वतः खोलून सर्व्हिसिंग करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅनेजर फहद दारात उभा. “यल्ला हेमचंद्र, वो पुरानी वाली निकालो. गेस्ट आए हैं.”

‘सर, अजून साफ केलेली नाही,’ एवढं वाक्य पुरलं असतं. पण का नाही, असं फहदने विचारलं असतं. हेमचंद्रने फडकं घेतलं, बाहेरून दिसणारं कुंकू घाईघाईने पुसलं आणि मला त्याच्या हाती दिलं.

पाहुणे हौसेने खेळले. दाणा तोवर वाळून काडतुसाच्या वाटेत घट्ट चिकटला होता. मागून रेटा होता तोवर काडतुसं त्याला घासून पुढे सरकली, पण शेवटचं त्याच्यामागे अडकून राहिलं.

संध्याकाळी वलीने मला आवरायला घेतलं. त्याने लिव्हर चालवून पाहिला, काही बाहेर आलं नाही. पुन्हा चालवला. डोकावून पाहिलं, रिकामी. मग मांडणीकडे नेताना मी टेबलाच्या कडेवर आदळले आणि आतलं काडतूस सुटलं. मांडणीत ठेवताना लिव्हर मिटायचा असतो; वलीने तो मिटला तेव्हा ते नळीत जाऊन बसलं. घोडा ताणलेला ठेवायचा नसतो, म्हणून त्याने चाप दाबला. डाव्या हातातल्या फडक्याने तो त्या वेळी माझ्या नळीच्या तोंडावरची धूळ पुसत होता. रिकाम्या बंदुकीच्याही तोंडावर हात ठेवू नये, हे खरं आहे. पण ती रिकामी आहे, याची त्याने खात्री करून घेतली होती. त्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी उरली.

चौकशीला पोलीस आले. त्यांच्यासमोर हेमचंद्रला मला खोलायला सांगितलं. माझ्या पोटात बोट घातल्याबरोबर त्याच्या नखाला तो लाल दाणा लागला.

“कुछ फॉल्ट है क्या?” फहदने विचारलं.

हेमचंद्रने घाम पुसल्यासारखा हात तोंडावरून फिरवला आणि दाणा गिळला. “नो सर. गन ओके है.”

घरी परत जाण्याआधी वली वर्कशॉपमध्ये आला. हाताला बँडेज होतं.

“हेमभाऊ, तुम्ही खोललीत ना? आत काही नव्हतं?”

“नव्हतं रे.”

“मग खलास. माझंच चुकलं. मी दोनदा लिव्हर मारला, असं मला वाटत होतं. मारलाच नसणार. घरी बायकोला, हव्वाबीला, तसंच सांगतो.” मग त्याने उजवा हात पुढे केला. “माणूस चांगला आहे, असं सांगून पोलिसांपुढे तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात. अल्ला तुम्हाला सुखात ठेवो.”

हेमचंद्रने तो हात हातात घेतला. त्या क्षणी मला त्याची भयंकर चीड आली, आणि कीवही आली.

आता मी कुलुपात असते. कोणी तेल देत नाही. त्याचं मला दुःख नाही. लोखंडावरचा गंज दिसतो तरी. मित्रांनो, कुठलीही वस्तू नुसती वरवर पुसून दुसऱ्याच्या हाती देऊ नका, आणि चूक झाली तर ज्याला भोगावी लागणार आहे त्याला ती आधी सांगा.

मागे एकदा वलीचा फोन आला होता. हेमचंद्रने स्पीकर लावला होता, म्हणून मला ऐकू आलं. “आमच्या पोरीला, सफाला, मी रोज बजावतो, भाऊ,” वली हसत सांगत होता. “म्हटलं, काहीही कर, पण बापासारखी निष्काळजी राहू नको.”

तुमच्यापैकी कोणी दापोलीकडचं असेल, तर त्या मुलीला एवढं सांगा. तुझ्या बापाने दोनदा लिव्हर चालवून पाहिला होता. मी त्याच्याच हातात होते.