उपासनींच्या खुनाला माणसं मिळेनात

दिगंबर उपासनींचा खून गुरुवारी दुपारी त्यांच्याच पुस्तकांच्या खोलीत झाला. पाठीत कागद कापायची पितळी सुरी, चेहऱ्यावर किंचित नाराजी. ते असो. तसं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ.

शुक्रवारी सकाळी उपासनी नेहमीसारखे उठले, एक कप चहा केला आणि खुर्चीत टेकायला गेले तर सुरी आड आली. म्हणून ते जरा पुढे सरकून बसले. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी मोठी खोली पुस्तकांची होती. जुन्या इंग्रजी खूनकथा, झाडून साऱ्या पहिल्या आवृत्तीच्या. वरचं कागदी वेष्टन शाबूत, वेष्टनाच्या घडीवर शिलिंगातली किंमत भेट देताना कुणी न कातरलेली. त्यांतलं एकही पुस्तक उपासनींनी उघडलेलं नव्हतं. उघडलं की पाठ मोडते, आणि पाठ मोडलेलं पुस्तक संग्राहकांत मेलं म्हणूनच धरतात.

खबर त्यांनी स्वतःच दिली. फौजदार गांगुर्डे आले, चपला दाराशी काढून आत बसले.

"मयत?"

"मीच."

"बसा, बसा. उठू नका. संशयित कुठंयत?"

"अजून कुणी आलं नाही."

गांगुर्ड्यांनी मान हलवली. "साहेब, खुनाला निदान पाच संशयित लागतात. त्याच्या खाली आम्ही खून धरत नाही."

"मग काय धरता?"

"काहीच नाही. मग माणूस होता की नाही, तिथनंच सुरुवात करावी लागते. आणि तेवढा स्टाफ नाही आपल्याकडं."

उपासनींनी चहा खाली ठेवला. आपण मेलो याचं त्यांना विशेष वाटलं नव्हतं. पण आपण नव्हतोच, असं ठरायची पाळी येईल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"तुमच्यावर कुणाचा राग?"

"नाही."

समोरची भिंत हातभर आत आली. गांगुर्ड्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.

"बरं, प्रेम? त्यातनंबी करतात लोक."

"नाही."

डावीकडची भिंत आली.

"शेजारी?"

"ते फ्लॅट रिकामा समजतात."

मागची भिंत आली आणि सुरीच्या मुठीला टेकून थांबली.

धुळ्याला बहीण होती. उपासनींनी तिला फोन लावला. "ताई, तू मारलंस का मला?"

"दिगू, मला गुडघ्यानं जिना उतरवत नाही. धुळ्याहून तिथं येऊन तुला कधी मारू? दुसरं कुणी बघ की."

"बघतो."

"आणि वेळेवर जेवत जा."

"एक गेली," गांगुर्डे म्हणाले. "नीट आठवा. कुणाला तरी दुखावलं असेल. एवढं आयुष्य काढलं तुम्ही."

तेव्हा उपासनींना सदानंद वागळे आठवला. हा वागळे तरुणपणी दर रविवारी यायचा, पाय वर घेऊन बसायचा, पोहे खायचा. एका रविवारी त्यानं कपाटातलं एक पुस्तक वाचायला मागितलं. वेष्टनावर धुक्यात उभी हिरव्या कोटातली बाई होती. उपासनी म्हणाले, उसनं देत नाही. पुढच्या रविवारी वागळे आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. उपासनींचा चेहरा उजळला. वागळ्यानं हा राग जपला असणार. जपण्यासारखाच होता तो.

"कोण, उपासन्या?" वागळे फोनवर म्हणाला. "आहेस होय तू अजून?"

"तुला मी पुस्तक दिलं नव्हतं. हिरव्या कोटातली बाई."

"कुठली बाई रे?"

"म्हणून तू यायचा बंद झालास."

"छे. त्या रविवारी पाहुणे आले होते. नंतर मग राहूनच गेलं. बरा आहेस ना?"

"खून झालाय माझा."

"अरेरे. जप हो." आणि फोन ठेवला गेला.

उरलेली भिंतही आली. आता खोलीत दोन गुडघे आणि दोन गुडघे एवढीच जागा होती.

"एवढी खुनाची पुस्तकं," गांगुर्डे म्हणाले. "यांत कुठनं आणतात माणसं?"

"माहीत नाही. उघडली नाहीत."

"एखादं उघडा. आता कुणासाठी जपताय?"

उपासनींनी हिरव्या कोटाचं पुस्तक काढलं आणि शेवटाकडे उघडलं. पाठ कटकन मोडली. आत दिवाणखाना होता. शेकोटी पेटलेली, खुर्च्या मांडलेल्या, एक कर्नल, एक डॉक्टर, एक विधवा आणि भाचेमंडळी, सगळी एकमेकांवर संशय घेत दाटीवाटीनं बसलेली. इतकी ऊब होती की उपासनींच्या चष्म्यावर वाफ धरली.

"माफ करा," ते म्हणाले. "पाच संशयित मिळतील का? आजच्या दिवसापुरते."

कर्नल उठला. इतकी वर्षं देवळालीत राहून त्याला मराठी येऊ लागली होती. "आम्ही उसनं देत नाही," तो नम्रपणे म्हणाला. "या घरात तशी पद्धत नाही." आणि त्यानं पान आतून मिटून घेतलं.

गांगुर्डे आडवे होऊन दारातून बाहेर सरकले. "मी पुकारा करून बघतो. तुम्ही हलू नका."

हलायला जागा नव्हती. उपासनी कपाटाला छाती लावून, दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत ताठ उभे होते. मागची भिंत सुरीच्या मुठीपाशी बराच वेळ थांबली आणि थांबायचं काही कारण न सापडल्यामुळे पुन्हा निघाली. बाहेर रिक्षा सुरू झाली. तिच्यावरचा भोंगा आधी खरखरला, मग गल्लीगल्लीतून बोलत लांब लांब जाऊ लागला:

"कॅम्प परिसरातील सर्व नागरिकांना कळवण्यात येते की, श्री. दिगंबर उपासनी यांच्या खुनासाठी माणसे कमी पडत आहेत. तरी मयताच्या ओळखीच्या कोणाही इसमाने, त्यांना मारावेसे वाटेल इतपत कारण सोबत घेऊन, आज सूर्यास्तापूर्वी त्यांच्या राहत्या पत्त्यावर समक्ष हजर राहावे, ही नम्र विनंती. कारण किरकोळ असले तरी चालेल."