कानाची मशीन

मी एक हेडफोन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. दुसऱ्याचं बोलणं कानात नेऊन सोडायचं, एवढंच मला येतं. माझी स्वतःची म्हणावीत अशी चारच वाक्यं माझ्यात भरलेली आहेत, तीही इंग्रजीत, एका बाईच्या आवाजात. चालू झालो, बंद होतोय, फोनशी जोडलो गेलो आणि बॅटरी संपत आली. उदगीरमध्ये मी सव्वा वर्ष काढलं. तिथं जे सांगायला हवं होतं ते या चार वाक्यांत नव्हतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट ठाऊक नाही. डोळे उघडले ते बसस्टँडसमोरच्या वैजनाथच्या मोबाइलच्या दुकानात, एका खिळ्यावर. माझ्या खालच्या रांगेत गळ्यात अडकवायचे स्वस्तातले ब्लूटूथ होते. ते सकाळी यायचे आणि संध्याकाळपर्यंत विकले जायचे. शेजारी डबीतले बड्स होते, त्यांना कॉलेजच्या मुलामुलींत मागणी. वर काचेच्या कपाटात पंधरा-वीस हजारांच्या हेडफोनचा डबा ठेवलेला. तो रिकामा होता हे फक्त वैजनाथला आणि आम्हाला माहीत. मी मधल्या भावाचा, काळा, कान पूर्ण झाकणारा. ना स्वस्त ना भारी, म्हणून आठ महिने धूळ खात पडलो. मनातून फार लागायचं.

गिऱ्हाईक आलं की वैजनाथचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘बजेट किती?’ मग भरतीसाठी पळणारा पोरगा घट्ट बसणारा ब्लूटूथ न्यायचा. टेम्पोवाला एकाच कानात घालायचा म्हणून सगळ्यात हलका मागायचा. कुणी रंग बघायचं, कुणी धडधड किती वाजते ते बघायचं. कान कसा आहे, हे मात्र कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही.

एके दुपारी संगमेश्वर आला. चाळिशीचा, अंगानं आडवा, किराणा दुकानांना मालाची पोती पोचवणारा. तो म्हणाला, “वैजनाथ, अव्वासाठी कानाची मशीन पायजे. उजव्या कानानं लई कमी यायलंय तिला.”

कानाची मशीन म्हणजे बहिऱ्या माणसाला डॉक्टर तपासून देतात ते यंत्र. वैजनाथला ते कळलं नाही असं नाही. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, आठ महिन्यांच्या धुळीकडं पाहिलं आणि मला खाली काढलं.

“लातूरला गेलास तर तीस-पस्तीस हजार सांगतील. हे बघ. हे बटण एकदा दाबलं की आजूबाजूचा आवाज मोठा होऊन कानात येतो. घालून तर बघ.”

संगमेश्वरनं मला डोक्यावर चढवलं. वैजनाथनं बटण दाबलं, माझा हिरवा दिवा लागला. समोरच्या रसवंतीची घुंगरं, पंख्याची करकर, रस्त्यापलीकडच्या दोन बायांचं बोलणं, सगळं मी त्याच्या कानात नेऊन ओतलं. मनापासून ओतलं, कारण आठ महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणी डोक्यावर घेतलं होतं.

“ही तर मशीनच हाय की,” तो म्हणाला. समोरच्या काचेत त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. तो कंजूष नव्हता. आईला ऐकू यावं, एवढीच त्याची इच्छा होती आणि ती दोन हजारांत पुरी होत होती. तेच बटण दुसऱ्यांदा दाबलं की निळा दिवा लागतो आणि मी बाहेरचं सगळं अडवून धरतो, हे वैजनाथनं सांगितलं नाही. संगमेश्वरनं विचारलंही नाही.

त्याची आई रत्नम्मा, वय एकसष्ट. डावा कान लहानपणी गोवरात गेलेला. पुढचा सगळा संसार तिनं उजव्या कानावर केला होता, नवरा गेल्यावरचा धंदाही. ती ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायची. पातळ भाकरी तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून तिच्यातली सगळी ओल काढायची. भाकरी वाळली की नाही, हे ती बघून ठरवत नसे. उजव्या कानाजवळ धरून नखानं वाजवायची. टणटणीत वाजली तर गठ्ठ्यात, भद्द वाजली तर परत चुलीला. तिच्या हातची भाकरी दोन महिने टिकायची, म्हणून लातूरपासून धर्माबादपर्यंत गिऱ्हाईक होतं.

मी घरात आलो त्या दिवशी तिनं मला पदराखाली घातलं, एक भाकरी उचलून वाजवली आणि हसली. पुन्हा वाजवली. सून शिवकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रत्नम्मा तिला म्हणाली, “लई दिसांनी वाजली गं.”

ते पंधरा-वीस दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे. एकदा माझ्यातली बाई बोलली, बॅटरी संपत आली म्हणाली, तर रत्नम्मा दचकून म्हणाली, “आत ही कोण बया बोलायलीय?” घरभर हसू झालं. शिवकन्या रोज संध्याकाळी मला आठवणीनं चार्जिंगला लावायची. संगमेश्वर तर गल्लीत भेटेल त्याला सांगायचा की लातूरवाले तीस हजार घेतात आणि आपण दोन हजारांत आईला ऐकू आणलं. गल्लीतले लोक येऊन मला बघून जायचे. मीही जरा शेफारलोच.

पण एक गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात कळली होती. माझ्या उजव्या वाटीवरच्या मऊ उशीला ओल लागत होती. तो घाम नव्हता. घाम दोन्हीकडं लागतो आणि सुकतो. ही ओल चिकट होती, तिला वास होता. रत्नम्माचा कान आतून वाहत होता. ऐकू कमी येण्याचं कारण तेच होतं.

रत्नम्मा लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायची, वरून कापूस. शिवकन्याला उशीचा वास यायचा, पण तिला वाटायचं, तेलाचा असेल. फडक्यानं पुसून ती मला चार्जरला लावायची. रत्नम्माला ठणका लागायचा, पण लातूरला जायचं म्हणजे चार दिवस चूल बंद, म्हणून ती बोलायची नाही. आणि मी तो कान सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद करून ठेवायचो. वारा नाही, उजेड नाही. ज्या कानाला कोरडं ठेवायचं, त्याच्यावर मी झाकण होऊन बसलो होतो.

आषाढात एक दिवस पदर सारखा करताना तिचं बोट बटणावर पडलं. हिरवा दिवा जाऊन निळा लागला. एका क्षणात तवा, चूल, गल्ली, सगळं मी तिच्यापासून तोडलं. तिनं हातातली भाकरी वाजवली. परत वाजवली. मग दुसरी उचलली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मान ताठ झालेली कळली. तिला वाटलं, आपला कान आता गेलाच.

तेवढ्यात संगमेश्वर दारातून आत आला आणि ऐकू येतंय ना, म्हणून विचारलं. त्याचे ओठ बघून तिनं ओळखलं असावं.

“हाव, येतंय की ऐकू. चांगलं येतंय,” ती म्हणाली.

मला तिचा रागही येतो आणि कीवही. लेकानं एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, गल्लीभर मिरवलेली. ती फुकट गेली हे त्याला कसं सांगायचं? पुढं रोज चालू झालो की तोच निळा दिवा लागायचा, आणि त्याचा अर्थ घरात कुणालाच ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून तिनं ओठ वाचायला सुरुवात केली. समोरचा हसला की हसायचं, थांबला की “बरं” म्हणायचं. मला एकदा काढून ठेवलं असतं तरी थोडंफार ऐकू आलं असतं. पण लेकाचा पोरकट आनंद टिकवण्याच्या नादात ती रात्री निजेपर्यंत मला काढायची नाही, आणि तोवर घर निजलेलं असायचं.

भाकरी वाजवणं तिनं सोडलं नाही. कानाजवळ धरायची, नख मारायची, अंदाजानं गठ्ठ्यात ठेवायची. बाहेर पावसाची झड लागलेली, हवेत ओल. श्रावणात धर्माबादचा मलप्पा पोतं घेऊन दारात आला. हा तिचा बारा वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, तिथल्या दुकानात तिच्या भाकरी विकणारा. त्यानं हात जोडून शरणार्थ केला, ओसरीवर पोतं सोडलं. भाकरींवर हिरवी बुरशी चढली होती.

“रत्नम्मा, वाजवून बघितल्या न्हाईत का औंदा?”

तिला प्रश्न कळला. पोतं समोरच होतं.

“बघितल्या की. एकूण एक बघितली.”

“मंग?”

 मलप्पा भांडला नाही. शिवकन्यानं दिलेला चहा पिऊन उठला, आणि जाताना संगमेश्वरला बाजूला घेऊन म्हणाला की अव्वाचं आता वय झालं, तिला चुलीपुढून उठव. तिच्या पाठीमागे, चार हातांवर हे बोलणं चाललं होतं. ते मी तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही, आणि खरं सांगतो, तेवढ्यापुरतं बरंच वाटलं.

गणपतीच्या सुट्टीला नात आली, अक्षरा. ती लातूरला होस्टेलवर राहून अकरावी शिकत होती. तिनं क्लासचं काहीतरी ऐकायला म्हणून अज्जीच्या डोक्यावरून मला अलगद काढलं, आणि हातातच धरून राहिली. उशीचं कापड पिवळं पडून कडक झालं होतं. वास तेलाचा नव्हता.

“अज्जी, हे कवापासनं?” तिनं अज्जीपुढं बसून, ओठ मोठे हलवून विचारलं. रत्नम्मानं तोंड फिरवलं.

मग अक्षरानं माझा निळा दिवा पाहिला. मला कानाला लावून बघितलं. “पप्पा,” ती म्हणाली, “ह्यानं बाहेरचं बंद होतंय. अज्जी किती दिवस अशी बसलीय?”

संगमेश्वरनं मला हातात घेतलं, बटण दाबलं. हिरवा. परत दाबलं. निळा. तीनचार वेळा त्यानं तेच केलं. मग तो मागच्या दारी जाऊन बसला आणि जेवायला उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे लातूरला गेले. तिथं काय झालं ते, सगळे परत आल्यावर, मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. कानात आतली हाडं सडत चालली होती. सडका भाग काढला नसता तर तो मेंदूकडं गेला असता. डॉक्टरबाईंनी शिवकन्याला समजावून सांगितलं होतं की हे ऑपरेशन जीव वाचवायचं आहे, ऐकू आणायचं नाही. मला घेतलं तेव्हाच, ज्येष्ठात, आणलं असतं तर औषधावर भागलं असतं, फार तर छोटं ऑपरेशन. आणि खरी मशीन लावायची वेळ आली असती तर ती सरकारी दवाखान्यातून फुकटसुद्धा मिळते, तेवढी कागदपत्रं लागतात. हे शेवटचं ऐकून संगमेश्वर दवाखान्याच्या जिन्यात खाली बसला म्हणे.

ऑपरेशन झालं. जीव राहिला, कान गेला. रत्नम्मा आता कुठल्याच बाजूनं ऐकत नाही. संगमेश्वरनं मला फेकलं नाही, भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. येता-जाता मी दिसलो की त्याची मान खाली जायची. तो स्वतःला शिक्षा करत होता, माझ्याकडून.

माझं एक मागणं आहे. वस्तू घेताना बजेट बघा, त्यात लाज नाही. स्वस्त घ्या, मधलं घ्या, झेपलं तर भारी घ्या. गाणं ऐकायला आम्ही सगळे थोड्याफार फरकानं सारखेच. पण दुखणाऱ्या कानाला आम्ही औषध नाही. असा कान घेऊन कुणी दुकानात आला तर त्याला माघारी पाठवा, अगदी माझ्यासारखा एखादा आठ महिने धूळ खात पडलेला असला तरी.

हे मी मनात किती वेळा घोकलं, पण ऐकणार कोण? मागच्या आठवड्यात गल्लीतला चंद्रप्पा आला. संगमेश्वरच्या बढाया त्यानं तेव्हा ऐकल्या होत्या.

“अव्वा आता वापरत न्हाई म्हणं ती मशीन,” तो म्हणाला. “आमच्या बापाला द्या. त्याचा कान लई फुटलाय, वाहायलाय. नवीन कशाला घ्यावी?”

संगमेश्वर कात्रीत सापडला. नाही म्हणावं तर सगळं सांगावं लागणार. आईचा कान आपण घालवला, हे गल्लीत स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार. तो देवळीकडं वळला. त्यानं मला उचललं. मला वाटलं, संपलं. आता दुसऱ्या कानावर जायचं आणि तोही झाकून बसायचं.

रत्नम्मा पाट्यापाशी चटणी वाटत बसली होती. तिला एक शब्द ऐकू आला नव्हता. पण चंद्रप्पानं स्वतःच्या कानाला हात लावलेला तिनं पाहिला, आणि लेकाच्या हातात मी. ती उठली. लेकाच्या हातून मला घेतलं, पाट्यावर ठेवलं आणि वरवंटा घातला. एकदा, दोनदा. माझी कमान मोडली, उजवी वाटी फुटून चुलीपर्यंत गेली.

मग ती चंद्रप्पाकडं वळली. आता तिला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ती फार मोठ्यानं बोलते. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

“तुझ्या बापाला लातूरला ने. उद्याच ने. ह्या मशीननं माझा कान खाल्ला. माझ्या लेकाला कळलं न्हाई, मी बोलले न्हाई.”

संगमेश्वर भिंतीला टेकून रडत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण जवळ गेली नाही. पुन्हा पाट्यापाशी बसून तिनं माझे तुकडे गोळा केले, पाटा धुतला आणि चटणी वाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रप्पा बापाला, गुरुबसप्पाला, घेऊन लातूरच्या गाडीत बसला, असं शिवकन्या शेजारणीला सांगत होती. गुरुबसप्पाच्या कानाचं काय झालं ते मला कळणार नाही. मी परसात एका फुटक्या टोपल्यात पडलोय, घंटागाडी आली की जाईन. माझी चारही वाक्यं आता बंद आहेत. मला मोडलं याचं दुःख नाही. ते पहिल्या ओलीलाच व्हायला हवं होतं.