चारशे सतरा नंबरची पिशवी

मला नाही म्हणता येत नाही. हा दोष मी फार पूर्वी ओळखला, आणि बहुधा म्हणूनच यंत्रामागची नोकरी धरली. शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवतात, तेवढा वेळ रोग्याचं रक्त बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत अंगात फिरवायचं, हे माझं काम. कुमासी शहरातल्या आमच्या इस्पितळात एकतीस वर्षं मला 'मशीनवाले अडुसेई' म्हणतात. यंत्रामागे कोणी काही मागायला येत नाही. सर्जन आकडा विचारतात, मी आकडा सांगतो.

पोकुआच्या वेळी मात्र दोघं येऊन मागून गेले, आणि मी दोघांनाही होकाराची मान हलवली.

पोकुआ तेरा वर्षांची. लहानपणच्या तापाने हृदयाची झडप निकामी झालेली. अंगात रक्त कमी, वजन एकतीस किलो. आमच्याकडे शस्त्रक्रियेआधी घरच्यांनी रक्तदाते आणायचे असतात. तिचे मामा बाडू हे आईकडच्या घराण्याचे प्रमुख. त्यांनी गावाहून व्हॅनमध्ये अकरा जण कोंबून आणले, सगळ्यांना रक्त द्यायला लावलं आणि नंतर प्रत्येकाला बिनदारूच्या गोड माल्टची बाटली पाजली. मग मला जिन्याशी गाठलं. माझ्या हातात नेहमी कागद असतात, त्यामुळे ते मला मास्तर म्हणत.

"मास्तर, रक्त आईच्या घरचं असतं," ते म्हणाले. "बापाने नाव दिलं, आत्मा दिला, त्याचं काम संपलं. पाच वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या माणसाचं रक्त आमच्या मुलीत जाता कामा नये. मशीन तुमच्या हातात आहे. बघा."

पिशवीवर दात्याचं नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे मी सांगायला हवं होतं. पण ते सांगायला बसलो असतो तर बोलणं वाढलं असतं. मी मान हलवली.

त्याच दुपारी बाप आला. टाची. सुआमेच्या गॅरेजांमध्ये ट्रकची इंजिनं दुरुस्त करणारा, नखांत काळं तेल. म्हणाला, मी इंजिनाखाली झोपतो पण सुई बघितली की मला भोवळ येते, तुम्ही जरा शेजारी उभे राहा. राहिलो. पिशवी भरेपर्यंत तो भीती घालवायला माझ्या यंत्राबद्दल विचारत होता. नळ्यांत आधी खारं पाणी भरावं लागतं आणि त्याने रोग्याचं रक्त पातळ होतं, हे ऐकल्यावर त्याने क्षणभरही विचार केला नाही.

"मग होस आखूड करा की. मशीन टेबलाला चिकटवा."

मला हसू आलं. गेली दोन-तीन वर्षं मी जे शोधनिबंध वाचत होतो, त्यांचं सार त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. नळ्या मी हातभर कापल्याच होत्या. शिवाय सुरुवातीला रोग्याचंच रक्त हळूहळू नळ्यांत घेऊन खारं पाणी बाहेर ढकलायची युक्तीही शिकलो होतो. हे त्याला सांगितल्यावर तो खूश झाला, आणि सुई निघाल्याचंही त्याला कळलं नाही.

"तिच्यातच जाईल ना हे?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. हलवताना पिशवीवरचा नंबर दिसला. शेवटचे आकडे चार, एक, सात. आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पोकुआचा रक्तगट ओ निगेटिव्ह. मामांच्या अकरांपैकी एकाचाही तो नव्हता. त्यांचं रक्त इतर रोग्यांसाठी जमा झालं आणि पोकुआसाठी रक्तपेढीने तिच्या गटाच्या दोन पिशव्या राखल्या. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यातली एक बाळंतिणींच्या वॉर्डात तातडीने गेली. उरलेली पिशवी आमच्या थंड पेटीत आली. मी झाकण उघडून पाहिलं. चारशे सतरा.

आता यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला पुस्तकांमुळे ठाऊक होती. बापाचं रक्त मुलीला द्यायचं तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. नाही तर क्वचित, फार क्वचित, बापाच्या पेशी मुलीच्या शरीरावरच उलटतात. ती सोय आमच्याकडे नाही. हे आमच्या सर्जन डॉक्टर सेरवांना तिथल्या तिथे सांगणं माझं काम होतं. त्या हात धूत होत्या. पण सांगायचं म्हणजे नंबर मला कसा कळला ते सांगावं लागणार, दोघांना मान हलवली ते सांगावं लागणार. पिशवी लागणारच नाही कदाचित, असं मी मनाशी म्हटलं आणि गप्प राहिलो.

हृदय थांबवल्यावर पाऊण तासाने हिमोग्लोबिन साडेसहावर आलं. आमचा नियम सातचा. सातच्या खाली गेलं की रक्त द्यायचं.

"किती?" डॉक्टर सेरवांनी मान न वळवता विचारलं. मी सांगितलं.

"मग लावा पिशवी."

"डॉक्टर, जरा थांबू या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी प्रवाह वाढवतो. नुसता हिमोग्लोबिनचा आकडा बघू नये, शरीराला एकूण प्राणवायू किती पोचतो ते बघावं, असं नव्या अभ्यासांत आहे."

"तुमचा लेख चुकला तर मी कोणाला धरू, अडुसेई? छापणाऱ्याला?" त्या म्हणाल्या. मग टाका घालता घालता म्हणाल्या, "दहा मिनिटं."

मी प्रवाह वाढवला. परतीच्या रक्तात जितका जास्त प्राणवायू उरेल, तितका तो शरीराला पुरतोय असं समजायचं. अंगातून परत येणाऱ्या रक्तात प्राणवायू बासष्ट टक्के होता, तो चौसष्ट झाला, अडुसष्ट झाला, एकाहत्तरवर थांबला. लघवी उतरत होती. गाळणीतून जादा पाणी काढलं, सांडलेलं रक्त धुऊन परत दिलं. हृदय चालू झालं तेव्हा आकडा आठच्या वर होता. पेटीतली पिशवी कोणी उघडली नाही.

नर्सने माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र नळ्या सोडवताना स्वतःलाच विचारत होतो. मी प्रवाह का वाढवला? अभ्यास वाचले होते म्हणून? किरणांचा धोका होता म्हणून? की जिन्याशी एका म्हाताऱ्याला मान हलवली होती म्हणून? तीन कारणं होती आणि तिन्ही एकाच बाजूला ओढत होती. शेवटचं कारण एकटंच असतं तरी मी हेच केलं असतं का, याचं उत्तर मला सापडेना. तसं असेल तर मी एका मुलीचा जीव माझ्या भिडस्तपणावर टांगला होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर सेरवांना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी लावा म्हणाले तेव्हा ती पिशवी बापाची आहे हे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला लेख सांगितलात."

"लेख खरा होता," मी म्हणालो.

"म्हणूनच मला तुमचा राग नीट करता येत नाहीये." त्यांनी पिशवी दुसऱ्या कोणासाठी पेढीकडे परत पाठवली आणि पोकुआच्या घरच्यांना मीच जाऊन सांगायचं, असं फर्मावलं.

वॉर्डात दोघंही होते, पलंगाच्या दोन बाजूंना. पोकुआ बसून कुटलेल्या कंदाचा फुफू मागत होती आणि नर्स तिला नुसतं सूप देत होती. मी सांगितलं की तिला बाहेरचं रक्त दिलंच नाही. कोणाचंच.

बाडू मामा खुर्चीत पुढे सरकले. "अकरा माणसं आणली मी," ते म्हणाले. "एकाचंही नाही? मग घेतलंत कशाला?" इतरांना लागतं, असं मी पुटपुटलो. त्यांना ते पटलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की बापाचंही गेलेलं नाही, आणि ते समाधानाने खुर्चीत मागे टेकले. मास्तर शब्दाला जागले, म्हणाले. ते ऐकून माझी मान खाली गेली.

टाची मला दारापर्यंत सोडायला आला. "थोडंसं तरी?" त्याने हळूच विचारलं. "नळीत राहिलेलं वगैरे?"

मान हलवणं किती सोपं होतं.

"नाही," मी म्हणालो. "एक थेंबही नाही."

तो दाराच्या कडीशी चाळा करत उभा राहिला. "होस आखूड केले होते?"

"हो. हातभर."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

बाराव्या दिवशी बाजारात यामचे कंद विकणारी एक बाई टेबलावर होती. गट तोच, ओ निगेटिव्ह. यंत्र तेच, नळ्या तशाच आखूड. हिमोग्लोबिन साडेसहावर आलं. मी प्रवाह वाढवला आणि वाट पाहिली. परत येणाऱ्या रक्तातला प्राणवायू साठवरून एकसष्टवर गेला आणि तिथेच अडला. प्रवाह आणखी वाढवला. एकसष्टच.

"काय म्हणतो तुमचा लेख?" डॉक्टर सेरवांनी विचारलं.

"लावा म्हणतो."

नर्सने पेटी उघडली आणि नियमाप्रमाणे नंबर मोठ्याने वाचला. शेवटचे आकडे चार, एक, सात. डॉक्टर सेरवांनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इथे ती बिनधोक होती, बाईचं टाचीशी काही नातं नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

मी मान हलवली नाही. "लावा," असं पुन्हा तोंडाने म्हणालो.

हात या वेळी अडला नाही, म्हणजे पोकुआच्या वेळी तो आकड्यांमुळेच अडला होता, असं मला म्हणता आलं असतं. पण या वेळी जिन्याशी कोणी उभं नव्हतं, असंही म्हणता आलं असतं. पिशवी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तिच्याकडेच बघत होतो, आणि डॉक्टरांना आकडा दोनदा विचारावा लागला.