उपाशीपोटी तर्री

भगवंतरावांनी अमरावतीच्या कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. स्निग्ध पदार्थांचा धडा आला की स्वारी रंगात यायची. पेशीचं आवरणच मुळी चरबीचं, तेही दुपदरी. चरबीशिवाय अ आणि ड जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, हे सांगताना त्यांच्याच तोंडाला पाणी सुटायचं. निवृत्तीनंतर त्याच चरबीनं दगा दिला. डॉक्टरांनी तेल-तूप तोडलं आणि बायकोनं, शकुनबाईंनी, घरात दुधीभोपळ्याचं राज्य आणलं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी पुतण्याच्या नांदगावच्या शेतात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत होता. फोडलेल्या रोडग्यावर तुपाची धार धरायची ती खाणाऱ्यानं हात आडवा करेपर्यंत, अशी तिथली रीत. शकुनबाईंनी अट घातली, "रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तं तुमाले तूप. नाई तं कोरडा रोडगा."

महिनाभर भगवंतरावांनी निमूट पालापाचोळा खाल्ला. तपासणीच्या सकाळी रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं, पण वाटेत पोह्यांची गाडी आडवी आली. पातेल्यात हरभऱ्याच्या रश्श्यावर तेलाची लालभडक तर्री तरंगत होती. मास्तरांनी हिशोब मांडला: एका प्लेटीनं कोलेस्टेरॉल काही हलत नाही, बरंचसं तर लिव्हरच बनवतं. मग पोहे, वर तर्री, तर्रीवर पुन्हा तर्री आणि भजी.

लॅबमध्ये ही गर्दी! नंबर लागेस्तोवर शकुनबाईही भाजी घेऊन येऊन पोचल्या. तिथली रागिणी सरांचीच विद्यार्थिनी. तिनं रक्ताची नळी यंत्रात फिरवून आणली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्तावरचं पाणी पिवळसर नितळ हवं, ते दुधासारखं पांढरं झालं होतं.

"सर, काय खाल्लं?"

"काहीच नाई. निरं पाणी पेलो."

"सर, तुमीच तं शिकवलं. चरबी पाण्यात विरघळत नाई. पाहा, कशी तरंगून राह्यली!"

कोलेस्टेरॉलचा हिशोब बरोबर होता. तेलकट खाल्लं की रक्तात लगेच चढणारं ट्रायग्लिसराइड मास्तर साफ विसरले होते.

भगवंतरावांनी घाईघाईनं पेशीच्या आवरणाचा विषय काढला, मेंदूतल्या चरबीचा काढला, जीवनसत्त्वांचा काढला. शकुनबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? येवढं समजते तं रविवारी तूप तुमीच वाढा."

रविवारी मास्तर तपेली घेऊन पंगतीत फिरले. लेकाचे एकजात हावरट, कुणी हात आडवा करीना. शेवटी ते स्वतःच्या कोरड्या रोडग्यासमोर बसले तेव्हा त्यांना खरोखर रडू आलं. तेवढ्यात अंगठ्यावर ओघळलेलं तूप दिसलं. अंगठा हळूच तोंडाकडे निघाला.

"थांबा," शकुनबाई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हातात साबण. "निऱ्या पाण्यानं निघत नाई ना ते?"